जावकचं दार

१

बाबांचं हसू परत आणायला मी एक आख्खं गोदाम उलटंपालटं केलं, असं आत्या सगळ्यांना सांगते. तिखटमीठ लावायची तिला सवय आहे, पण यात फारसं लावलेलं नाही.

काम मला मिळालं ते मी इमारतींचे आराखडे करते म्हणून. धान्याच्या पोत्यांचं जुनं गोदाम होतं. मालकांना तिथं कडेने लहान लहान ऑफिसं हवी होती आणि मधला मोठा हॉल आसपासच्या सगळ्या लोकांसाठी खुला ठेवायचा होता. कुणीही यावं, बसावं, पेपर वाचावा, दोन शब्द बोलावेत. 'काय काम आहे?' असं कुणी विचारणार नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला.

आई गेली तसं बाबांनी शिवणाचं दुकान बंद केलं आणि तोंडही. दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. त्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, मला फोनवर मुदतच दिली होती. "सहा महिने बघते. तोवर तो हसला-बोलला नाही तर मी त्याला माझ्याकडे घेऊन जाणार. तू दिवसभर बाहेर आणि तो भिंतीकडे तोंड करून." आत्याचं घर रेल्वेने पुरत्या एका दिवसाच्या अंतरावर. बाबा गेले असते तर घरात मी आणि आईचा फोटो, एवढीच माणसं उरली असती. मला ते सोसवलं नसतं.

पहिल्या दिवशी किल्ली घेऊन मी एकटीच आत शिरले, मापं घ्यायला. समोर हत्ती जाईल एवढं दार, वर पुसट अक्षरांत 'आवक'; मी आले ती त्यातूनच. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला तेवढंच दार, त्यावर 'जावक'. खाली घोटून गुळगुळीत झालेला कोबा आणि त्यावर पिवळ्या रंगाने आखलेले चाळीस चौकोन. प्रत्येकात आकडा. एका चौकोनात पोत्यांची एक थप्पी, मधून माणसाला जायला वाट. मला काम करताना गुणगुणायची सवय आहे. त्या रिकाम्या हॉलमध्ये माझं गाणं असं काही घुमलं की मी मुद्दाम दोन कडवी जास्त म्हटली. मग एक नंबरच्या चौकोनात पिशवी टाकली, टेप उघडली आणि कामाला लागले.

ते चौकोन मी पुसू दिले नाहीत. मिस्त्री म्हणाला, "ताई, वर छान फरशी टाकू." मी म्हटलं, "हात लावशील तर खबरदार." आवकच्या दाराला काचेची तावदानं बसवून मी त्याचं मुख्य प्रवेशद्वार केलं. जावकच्या दारातून धूळ यायची, म्हणून ते विटांनी बंद केलं. त्या भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं रंगवून घेतली: 'या, बसा.' आत पाऊल टाकल्याबरोबर आधी तेच दिसायचं. मला तर माझंच इतकं कौतुक वाटलं की मी तिथं फोटो काढून आत्यालाही पाठवला.

२

रीतसर उद्घाटन महिन्याभराने ठरलं होतं, पण लोकांना तेवढा धीर कुठला! रंग वाळायच्या आत माणसं यायला लागली. पहिलं ऑफिस वकीलबाईंनी घेतलं. त्यांचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी अशिलाचं गुपित समोरच्या फुटपाथवर पोचावं. म्हणून त्या ऑफिस सोडून हॉलमध्येच बसत, आणि त्या बसल्या की भोवती दहा माणसं.

चौथ्या दिवशी मी बाबांना हाताला धरून आणलं. दुकानातलं शिलाई मशीन आधीच आणून ठेवलं होतं. "फक्त बघा, बाबा. नाही आवडलं तर घरी जाऊ." ते मशीनसमोर बसले. वकीलबाईंच्या काळ्या कोटाचं अस्तर उसवलं होतं. बाबांनी ते न बोलता पुढे ओढलं, बोटात अंगुस्तान चढवलं आणि टाके घालायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "काका, नीट शिवा हं. कोर्टात माझी बाजू नेहमी लंगडी असते, निदान कोट तरी धड असू द्या."

आणि बाबा हसले.

त्यांचं हसणं ज्याने ऐकलंय तो विसरणार नाही. आधी खोकल्यासारखं दोनदा अडतं, मग सुटतं, आणि शेवटी पडलेल्या दाताच्या फटीतून एक बारीकशी शीळ. मी हॉलच्या कडेच्या लहानशा स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. त्या संध्याकाळी आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "बरं बरं, बघू," पण ते हसणं तिने मला तीनदा करून दाखवायला लावलं.

पुढचे दिवस नुसती धमाल. कुणी तबला आणला, कुणी बुद्धिबळ. निवृत्त पोस्टमन लोकांची पत्रं वाचून दाखवायला लागला, सगळ्या हावभावांसकट. एवढं हसू मी एका छताखाली कधी ऐकलं नव्हतं.

खुर्च्यांची गोष्ट माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या आठवड्यात. सकाळी खुर्च्या वाटेल तशा असत. कुणी गोलात मांडलेल्या, कुणी खिडकीशी ओढलेल्या. संध्याकाळी मात्र प्रत्येक खुर्ची चौकोनात. बरोब्बर मधोमध, मधली वाट मोकळी. बाबांची चौदा नंबरमध्ये. वकीलबाईंची पंधरामध्ये. एक नंबरमधल्या खुर्चीत कोणी बसत नसे, तिथं माझी पिशवी आणि नकाशांची भेंडोळी असत.

मला वाटलं, हे किल्लीकाकांचं काम. किल्लीकाका म्हणजे गोदामाचे जुने रखवालदार. मालकांनी त्यांना तसंच ठेवून घेतलं होतं. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा, तोंडात शब्द मोजून. "मी फक्त झाडतो," ते म्हणाले. "खुर्च्यांना हात लावत नाही."

मग एका दुपारी मी मुद्दाम खुर्च्या तिरप्या लावल्या आणि बघत बसले. कुणी काही ओढलं नाही, ढकललं नाही. माणूस पाणी प्यायला उठायचा, परत येऊन बसताना खुर्ची बोटभर सरकायची. कुणी हसता हसता मागे रेलायचा, पुन्हा बोटभर. पाच वाजता सगळे आपापल्या चौकोनात होते. कुणाला त्याचा पत्ता नव्हता. माणसाच्या नजरेला रेघ दिसली की ती पाळावीशी वाटते, एवढंच, असं मी स्वतःला समजावलं. रस्त्यावरच्या पट्ट्यांचं तरी दुसरं काय असतं? माझं मलाच ते पटलं.

३

हॉलमध्ये बाबा दिवसभर हसत. घरी आले की मात्र गप्प. आधी वाटलं, दमतात. या वयात आठ तास मशीन मारायचं म्हणजे थट्टा आहे का! पण हे दमणं वेगळं होतं. दुःखात होते तेव्हा निदान त्यांचं दुःख खोलीत असायचं, ते जाणवायचं. आता मी ताट वाढलं की ते जेवत, दिवा मालवला की झोपत. काही विचारलं तर "हं." पूर्वी ते खिडकीशी बसले की वेताची खुर्ची करकरायची. आता ती करकरतही नव्हती.

एके दिवशी वकीलबाईंचे यजमान मला शोधत आले. सज्जन गृहस्थ, बोलताना टोपी हातात फिरवत होते. "तुम्ही हिला तिथं काय देता हो?" आधी ते हसले. "तीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे. मजाच वाटली चार दिवस." मग टोपी फिरवायची थांबली. "आता वाटतं, ओरडली तर बरं होईल. घरी येतं ते नुसतं रिकामं पोतं येतं."

मी त्यांना चहा दिला आणि धीर दिला. काय धीर दिला ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. "तू हल्ली फारच तुटक बोलतेस गं. गाणं-बिणं सोडलंस की काय?" मी म्हटलं, उद्घाटन तोंडावर आलंय, डोक्याला ताप आहे. ती म्हणाली, "घरी कोण आहे? आवाज नाही कसला तो."

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

फोन ठेवला आणि वळले. बाबा समोरच बसले होते, माझ्यापासून चार हातांवर. ते पूर्ण वेळ तिथंच होते. मला त्यांची आठवणच झाली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो तर बाबांचा चष्मा तिकडेच राहिलेला. सात वाजले होते. मी हॉलच्या फोनवर किल्लीकाकांना गाठलं.

"बघतो," ते म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. किल्ल्या खुळखुळल्या. मी वाट बघत होते, आणि फोनमधून हसणं ऐकू आलं.

आधी दोनदा अडलं. मग सुटलं. शेवटी शीळ.

बाबा माझ्या समोर पलंगावर बसून मोजे काढत होते. एक मोजा काढून झाला होता. तोंड मिटलेलं होतं.

"आहे चष्मा," किल्लीकाकांचा आवाज आला. "मशीनवरच आहे."

"काका, तिथं कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे गेले. मी आणि खुर्च्या." आणि त्यांच्या मागे वकीलबाईंसारखं कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि पुन्हा ते हसणं, आता बऱ्याच जणांचं, अगदी मनापासून, सुट्टीच्या दिवशी पंगतीत हसावं तसं.

रेडिओ असेल. लाइनीत लाइन मिसळली असेल. मी अशी चार कारणं काढली, आणि चारही बरी होती. मग मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. हाताला वजन नव्हतं. मी घाबरले होते.

५

सकाळी मी किल्लीकाकांना स्वयंपाकघरात गाठलं. "काल फोनवर तुम्हालाही ऐकू आलं. खरं सांगा."

ते बादलीत फडकं पिळत होते. "रोज येतं. म्हटलं, तुम्हाला सांगितलं तर म्हणाल, म्हातारा गेला कामातून."

"मग तुम्हाला का काही होत नाही? तुम्ही तर इथंच असता."

त्यांनी स्वयंपाकघराच्या लहान दाराकडे बोट केलं. जेमतेम एक माणूस वाकून जाईल एवढं दार. नियमाला आणीबाणीचं दार लागतं म्हणून मी ते तसंच राहू दिलं होतं. "आम्ही सगळे इथून यायचो, इथूनच जायचो. हमाल, मुकादम, मालकसुद्धा. मोठ्या दाराने नुसता मालच. रिकाम्या हाताने मोठ्या दारातून आत आलेला माणूस मी कधी पाहिला नाही. तसा रिवाजच होता." फडकं त्यांनी दोरीवर टाकलं. "आवकने आलेलं चौकोनात लागायचं. आणि चौकोनातलं हलायचं ते जावकने. आवकने परत काहीच जायचं नाही."

"आणि जावकचं दार मी बंद केलं."

"भिंत चांगली रंगवलीय," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी हॉलमध्ये जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहिले. 'या, बसा.' मागे बाबा वकीलबाईंना सांगत होते, की पूर्वी एका नवरदेवाची विजार त्यांनी उलटी शिवली होती, आणि चौकोनाचौकोनांतून हसू उसळत होतं. इतकी सुखी माणसं! त्यांना बघून माझा जीव खालीवर होत होता. असल्या कारणासाठी भिंत पाडणारी बाई म्हणजे वेडीच. पण संध्याकाळी परत तो बिनवजनाचा हात धरून घरी जायचं, हे मला शक्य नव्हतं. बाबांना आत्याकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला, आणि त्यांनाच माझ्या हाताने इथं ठेवून मी रोज रिकामी घरी जात होते.

मालकांना फोन केला. एवढी माणसं येणार, मागे मोठं दार हवं, म्हटलं. ते कुरकुरले, भिंतीचं वाईट वाटलं त्यांना. मिस्त्रीने तर कपाळाला हात लावला. "ताई, रविवारी उद्घाटन आणि शुक्रवारी भिंत पाडायची?" तरी त्याने पाडली. 'या' आधी गेला, मग 'बसा'. विटांमागे जुनं लाकडी दार जसंच्या तसं होतं. किल्लीकाकांनी जुडग्यातली किल्ली न शोधता काढली. मी म्हटलं, "आत्ता नको. रविवारी, सगळे असताना."

६

रविवारी दुपारी हॉल फुलून गेला. मालकांनी भाषण सुरू केलं आणि सुदैवाने पुढचं विसरले, त्यामुळे ते लवकर संपलं. तबला झाला, पोस्टमनची नक्कल झाली. मग मी टाळी वाजवून सांगितलं, "चहा मागच्या अंगणात आहे. सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं. पुढून कोणी जायचं नाही, हे माझं आजच्या दिवसाचं हट्टाचं काम आहे." लोक हसले. किल्लीकाकांनी दाराला खांदा लावला.

ऊन आत आलं. कोब्यावर पार चौदा नंबरपर्यंत पोचलं.

मी दाराशी उभी राहून एकेकाला बाहेर सोडत होते. वकीलबाई उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, पाठीवर कुणी ओझं दिल्यासारखा एक पाय त्यांनी घट्ट रोवला, आणि पुढे होऊन नवऱ्यावर कडाडल्या, "अहो, तो सदरा कसला घातलाय!" त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या प्रेमाने ओरडा खाल्लेला माणूस मी पाहिला नाही.

बाबा शेवटी आले. मी हात पुढे केला. त्यांनी धरला. तसाच हलका, कागदासारखा. आणि सहज माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली.

चौदा नंबरमध्ये कुणीतरी मशीनवर वाकून बसलं होतं. आमच्याकडे पाठ. खांदे हसण्याने हलत होते. त्याने दाताने दोरा तोडला, अंगुस्तान काढून बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठलं. वळलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण ऊन डोळ्यांवर आलं. पावलं ऐकली. वाटेने सरळ आमच्याकडे आली आणि थांबली.

माझ्या हातातला हात जड झाला.

"केवढी गर्दी जमवलीस गं, चिमणे," बाबा म्हणाले, आणि अंगणात उतरता उतरता हसले. दोनदा अडून, सुटून, शीळ घालून. उघड्यावर, उन्हात. माझा आनंद मावेना. मी किल्लीकाकांना मिठीच मारली, ते संकोचून बादलीसारखे ताठ उभे राहिले.

"आणि तुम्ही?" मिठीतून सुटल्यावर ते म्हणाले.

"येते की! दिवे मालवून, कुलूप लावून येते."

आत कोणी नव्हतं. खुर्च्या जागच्या जागी नव्हत्या, ते बघून इतकं बरं वाटलं! कुठल्याही कशाही पडल्या होत्या, लग्न उरकल्यावर पडतात तशा. एक तेवढी एक नंबरमधली, चौकोनाच्या मधोमध, ताठ. मीच पिशवी उचलताना सरळ केली असेल. तेवढ्यात मागच्या अंगणातून बाबांची हाक आली, "चल गं, किती वेळ!" दिव्यांची बटणं पुढच्या दाराशी होती. माझी स्कूटरही तिथंच, पुढे. रोजच्यासारखं मी आवकच्या दारातून बाहेर पडले, कुलूप लावलं, आणि वळसा घालून बाबांना मागे बसवून घरी घेऊन आले.

७

आज सोमवार, हॉल बंद. बाबा सकाळी सहालाच उठले. स्वतः दाढी केली, आईच्या फोटोला फडकं मारलं, पेपरवाल्याशी भांडले. आत्याला फोन लावून म्हणाले, "मला न्यायला येणार होतीस म्हणे? ये, ये. तुझी मापं घेतो, फार सुटलीस असं ऐकतो." पलीकडून आत्याचा आनंदाने भरलेला आरडाओरडा मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

याच सकाळसाठी मी एवढं सगळं केलं होतं. मला आनंद व्हायला हवा, असं मनात आलं. चहा केला. साखर घातली की नाही आठवेना, म्हणून घोट घेऊन बघितला, तरी कळेना.

"माझं अंगुस्तान तिकडेच राहिलं," बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. "किल्लीकाका झाडांना पाणी घालायला येतात ना? त्यांना विचारतो."

त्यांनी नंबर फिरवला. मी कप घेऊन बाहेर आले. ते फोनकडे तोंड करून बसले होते, खुर्ची त्यांच्याखाली छान करकरत होती. पलीकडे कुणीतरी फोन उचलला. बाबांचा चेहरा एकदम फुलला.

"अगं, तू? आणि एवढ्या सकाळी गातेस काय!" ते हसायला लागले. फोनमधून बारीक, स्पष्ट, माझं गाणं येत होतं. दोन कडवी जास्तीची. मग माझंच हसणं, मला स्वतःला आठवत नव्हतं इतकं मोकळं.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. नजर माझ्यावरून, हातातल्या कपावरून गेली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

"नाही गं, चिमणे," ते फोनमध्ये म्हणाले, "घरी कोण असणार? मी एकटाच आहे."